कोंबड्यांची धूळन्हाणी: कोकणातल्या परसात कशी करायची आणि पावसाळ्यात कोरडी कशी ठेवायची

नव्याने कोंबड्या पाळणारा माणूस एक गोष्ट पाहून हमखास घाबरतो. भर दुपारी चांगली धट्टीकट्टी कोंबडी माडाच्या बुंध्याशी कुशीवर पडते, एक पाय लांब ताणते, डोळे अर्धे मिटते आणि पंख झटकत राहते. फीट आली समजून कुणी तिच्यावर पाणी मारतं, कुणी उचलून सावलीत ठेवतं. तिला काही झालेलं नसतं, तिची अंघोळ चाललेली असते.

जवळ बसून पाहिलं तर या अंघोळीचा क्रम ठरलेला दिसतो. आधी ती पायाने माती उकरते आणि चोचीने भुसभुशीत माती छातीखाली ओढते. मग बसते, सगळी पिसं फुलवते आणि पंख उभे झटकून माती थेट कातडीपर्यंत पोचवते. कुशीवर होऊन डोकं आणि मान मातीत घासते. नंतर बराच वेळ पिसं मिटून नुसती पडून राहते. शेवटी उठते, अंग जोरात झाडते आणि धुळीचा लोट उडतो. हा कार्यक्रम साधारण दिवसाआड, बहुतेक वेळा अकरा ते तीनच्या दरम्यान, वीस-तीस मिनिटं चालतो.

शेपटीच्या बुडाशी कोंबडीला तेलाची एक गाठ असते. ते तेल ती चोचीने पिसांना लावत असते. काही दिवसांनी ते शिळं होतं, चिकट होतं, पिसं एकमेकांना धरतात आणि आतली मऊ लव दबते. बारीक धूळ हे जुनं तेल शोषून घेते आणि अंग झाडताना ते बाहेर पडतं. उवा आणि बारीक किडेही त्याच धुळीत घुसमटतात, निसटतात, काही मरतात. उवांचं अंडी-पिल्लांचं चक्र त्याने पूर्ण तुटत नाही, पण संख्या आटोक्यात राहते. शिवाय ही कोंबडीची उपजत गरज आहे. पिंजऱ्यात माती मिळाली नाही तर ती कोरड्या जमिनीवर, अगदी जाळीवरसुद्धा, हेच हावभाव करत बसते.

देशावरच्या कोरड्या गावात यासाठी काही करावं लागत नाही. आपल्याकडेही ऑक्टोबर ते मे कोंबड्या स्वतःचं बघून घेतात. प्रश्न जून ते सप्टेंबरचा आहे. त्या चार महिन्यांत परसातली सुकी माती नाहीशी होते आणि नेमक्या त्याच दमट हवेत उवा वाढतात. कोकणात धूळन्हाणी करणं म्हणजे चार महिने माती कोरडी ठेवायची सोय करणं. ती सोय आगोटीच्या, म्हणजे पावसाआधीच्या, कामातच उरकावी लागते. पाऊस लागल्यावर सुकी माती शोधायला निघालात तर ती मिळत नाही.

आधी कोंबड्यांना विचारा

काहीही बांधण्याआधी चार-पाच दिवस दुपारी कोंबड्या कुठे लोळतात ते पाहा. वळचणीखाली, मांगराच्या (शेतघराच्या) भिंतीलगत, आंब्याच्या मुळांमध्ये किंवा माडाच्या आळ्यात परातीएवढे खळगे दिसतील. त्या जागा त्यांनी ऊन, आडोसा आणि मातीचा भुसभुशीतपणा बघून निवडलेल्या असतात. न्हाणी त्याच बाजूला केली तर शिकवावं लागत नाही.

मात्र त्यांची आवडती वळचण जशीच्या तशी चालणार नाही. उन्हाळ्यात ती उत्तम असते, पण मृगाचा पाऊस लागला की कौलांच्या पागोळ्या बरोबर त्याच रेषेत पडतात. न्हाणी पागोळीच्या रेषेपासून आत किमान दोन-अडीच फूट हवी. पडवीचा कोपरा, मांगराची उघडी बाजू, लाकडं ठेवायची खोप यांपैकी काहीही चालेल. पावसाची झड नैऋत्येकडून आणि पश्चिमेकडून येते, म्हणून त्या बाजूला भिंत, झाप किंवा ताडपत्री हवी. पूर्व बाजू उघडी राहू द्या. चारही बाजूंनी बंद केलेली अंधारी जागा कोंबड्या टाळतात, कारण ऊब आणि उजेड मिळाल्याशिवाय त्यांना लोळायची इच्छाच होत नाही. वर पत्रा असेल तर त्यातला एक पत्रा पारदर्शक फायबरचा टाकला तर ढगाळ दिवसातही पुरेसा उजेड येतो.

जागा खुराड्यापासून आणि माणसांच्या ये-जा करण्यापासून फार लांब नको. लोळणारी कोंबडी गुंगीत असते आणि मुंगसाला, घारीला तेवढंच हवं असतं. दाट झुडपाला चिकटूनही नको.

न्हाणी कशात करायची

दोन प्रकार कोकणात चांगले चालतात.

पहिला, चिऱ्यांचा, म्हणजे जांभ्या दगडाच्या ठोकळ्यांचा, चौथरा. आतून ३ फूट लांब, २ फूट रुंद आणि उंचीला एक चिरा. पाच-सहा कोंबड्यांना एवढी जागा पुरते, कारण एका वेळी दोन-तीनच उतरतात. इथे बहुतेकजण एक चूक करतात. जांभा पाणी ओढतो, जमिनीची ओल त्याच्यातून वर चढते आणि वरून थेंबही न पडता आतली माती ओलसर होते. म्हणून तळाशी आधी चार बोटं खडी, तिच्यावर जाड प्लास्टिकचा कागद, आणि तो कागद चिऱ्यांच्या आतल्या बाजूने काठापर्यंत वर घ्यायचा. कागदावर एक थर जुन्या कौलांचा किंवा फरशीच्या तुकड्यांचा टाका, नाहीतर कोंबड्या आठवड्यात उकरून कागद फाडतील.

दुसरा प्रकार अर्ध्या पिंपाचा, आणि नवख्याने इथूनच सुरुवात करावी. दोनशे लिटरचं निळं प्लास्टिकचं पिंप उभं चिरलं की दोन नावांसारखी (होड्यांसारखी) भांडी मिळतात: प्रत्येक सुमारे ८८ सेंटिमीटर लांब, ५८ सेंटिमीटर रुंद आणि मध्ये २९ सेंटिमीटर खोल. पिंप रसायनाचं नको, खाण्याच्या वस्तूचं असावं, आणि साबणाने दोनदा धुऊन उन्हात ठेवावं. कापलेली कड धारदार असते. तिच्यावर बागेचा जुना पाईप उभा चिरून बसवला की कोंबडीची छाती कापत नाही. पिंप गडगडू नये म्हणून दोन्ही बाजूंना एकेक चिरा टेकवा आणि तळाखाली दोन चिरे देऊन जमिनीपासून वीतभर उचला. या भांड्याचा मोठा फायदा म्हणजे झड आली की दोघांनी धरून आत सरकवता येतं. आत माती १८ सेंटिमीटरपर्यंतच भरायची. काठोकाठ भरलं तर पहिल्याच दिवशी अर्धी माती बाहेर येते.

ट्रकचा जुना टायरही चालतो. मात्र त्याच्या आतल्या खाचेत पाणी साचून डास होतात, म्हणून खाचेला खालून भोकं पाडावीत. लाकडी पेटी करू नका, आपल्याकडे वाळवी तिला एक पावसाळा टिकू देत नाही.

दहा-बारा कोंबड्या असतील तर एक मोठी न्हाणी करण्यापेक्षा दोन लहान करा आणि त्या एकमेकींपासून दहा पावलं लांब ठेवा. कळपातली दांडगी कोंबडी एका जागेवर बसून बाकीच्यांना हाकलते. दोन जागा एकटीने अडवणं तिला जमत नाही.

मिश्रण

चिऱ्यांच्या ३ बाय २ फुटी न्हाणीत वीतभरापेक्षा कमी, म्हणजे सहा इंचांचा थर लागतो. घमेल्यात सपाट भरून ११ लिटर बसतात असं धरलं तर त्याला ८ घमेली लागतात:

सुकी चाळलेली माती ४ घमेली
नदीची बारीक वाळू ३ घमेली
चुलीतली थंड राख १ घमेलं

अर्ध्या पिंपाला याच प्रमाणात साडेपाच घमेली पुरतात.

माती कुठली? परसातली वरची लाल माती चालते, पण तिच्यात चिकणमाती असते. ओल लागली की ती पिसांना चिकटते आणि सुकली की ढेकळं होतात. म्हणूनच तिच्या जोडीला वाळू. शेताच्या बांधावरची किंवा आगरातली हलकी माती जास्त चांगली. खत-औषध मारलेल्या वाफ्यातली माती घेऊ नका. काजू-आंब्याच्या बागेत तणनाशक फवारलं असेल तर तिथलीही नको.

वाळू म्हटलं की किनाऱ्यावरच्या माणसाचा हात पुळणीकडे जातो. तसं करू नये. समुद्राच्या वाळूतलं मीठ हवेतला दमटपणा ओढून घेतं, म्हणून ती कधीच खडखडीत कोरडी राहत नाही. कोंबड्या लोळताना वाळू टिपतातही, आणि जास्त मीठ पोटात गेलं की पाणी पीत सुटतात व विष्ठा पातळ होते. वर सीआरझेडच्या (किनारी नियमन क्षेत्राच्या) नियमांनुसार किनाऱ्यावरची वाळू उपसायला मनाईच आहे. घराच्या बांधकामातून उरलेली नदीची वाळू, गिलाव्याच्या चाळणीतून काढलेली, हीच सर्वांत सोपी. क्रशरची दगडी कच मात्र टोकदार असते आणि तिची धूळ छातीत बसते, ती टाळा.

राखेबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण जुन्या पद्धतीत नुसत्या राखेतच कोंबड्या सोडतात आणि पावसाळ्यात तेच अंगाशी येतं. कोरडी राख बारीक असते, तेल छान शोषते, उवांना त्रास देते. पण राख क्षारयुक्त आहे. ओली झाली की तिचं पाणी कातडीला, डोळ्यांना आणि पायांना झोंबतं. म्हणून आठातला एक भाग पुरे, फार तर चारातला एक, आणि तोही फक्त कोरड्या दिवसांत. राख साध्या लाकडाची, सोडणांची (नारळाच्या सालांची), करवंटीची किंवा भाताच्या तुसाची असावी. रंगवलेलं लाकूड, प्लायवूड, प्लास्टिक किंवा कचरा जाळलेली राख नको. काजूच्या कारखान्यातली टरफलांची राख फुकट मिळते म्हणून आणू नका. अर्धवट जळलेल्या टरफलांत झोंबणारं तेल उरलेलं असतं, आणि हाताला काजूचा डीक लागला की काय होतं हे कोकणात कुणाला सांगायला नको. राख पत्र्याच्या डब्यात दोन दिवस ठेवून मगच मिसळा. वरून गार वाटणाऱ्या राखेत आत निखारा जिवंत असतो.

काय घालू नये याची यादी मोठी आहे. कळीचा चुना, ब्लीचिंग पावडर आणि मुंग्या-झुरळांची पावडर अजिबात नको. चुना भाजतो, आणि कीटकनाशक कातडीतून व चोचीतून अंड्यात उतरतं. तंबाखूची भुकटी उवा मारते हे खरं, पण निकोटीन कोंबडीलाही मारतं. सीताफळाच्या बियांची पूड डोळ्यांत गेली तर गंभीर इजा होते. सोडणाचा भुसा, म्हणजे काथ्याचा चुरा, पाणी धरून ठेवतो, म्हणून तो आपल्या कामाच्या नेमका उलट आहे. गिरणीचा कोंडा कोंबड्या खातात आणि उरलेल्याला बुरशी येते. लाकडाच्या भुशाचंही तसंच, आणि ती बुरशी थेट फुप्फुसात जाते.

कडुनिंबाचा किंवा निगडीचा सावलीत वाळवून चुरलेला पाला मूठ-दोन मूठ घालायला हरकत नाही. त्यावर फार भरवसा ठेवू नका, एवढंच. बाजारात डायटोमेशिअस अर्थ नावाची पांढरी भुकटी मिळते. ती कोरडी असेपर्यंतच काम करते, आणि आपल्या जुलैमध्ये ती कोरडी राहणं कठीण. श्वासातून जाऊ नये म्हणून घालताना नाक बांधावं लागतं ते वेगळंच. कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात वाळूत ही भुकटी, केओलिन माती आणि गंधक वेगवेगळं घालून पाहिलं. न्हाणी वापरणाऱ्या कोंबड्यांच्या अंगावरचे किडे तिन्हींनी कमी झाले आणि गंधकाचा परिणाम सर्वांत चांगला दिसला. पण हे वाचून हापूसच्या भुरीवर फवारायचं गंधक घरात आहेच तर तेच टाकू, असं करू नका. पाण्यात मिसळायच्या त्या गंधकात दुसरेही पदार्थ असतात. गंधक वापरायचंच असेल तर कोणतं आणि किती हे पशुवैद्यकाला विचारूनच.

आगोटीची बेगमी

हे काम एप्रिलच्या शेवटापासून मेच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत उरका. वळवाचा पाऊस कधीही येतो.

अर्ध्या पिंपाच्या एका न्हाणीला पावसाळ्यात किती माल लागतो, याचा हिशोब असा. चार महिन्यांत मिश्रण चार वेळा तरी पूर्ण बदलावं लागतं, ते झालं २२ घमेली. कोंबड्या उडवून टाकतात त्याची भर म्हणून आठवड्याला अर्धं घमेलं, म्हणजे आणखी आठ. एकूण ३० घमेली, सुमारे ३३० लिटर. घट्ट झाकणाच्या दोनशे लिटरच्या दोन पिंपांत हे बसतं. उघडीप मिळेल तेव्हा जुनं मिश्रण पुन्हा वाळवून वापरणार असाल तर एक पिंप पुरेल, पण पहिल्या वर्षी त्या भरवशावर राहू नये.

खळ्यावर किंवा अंगणात ताडपत्री पसरा. माती आणि वाळू वेगवेगळी, दोन इंचांहून जाड नाही अशी पसरून कडक उन्हात तीन दिवस वाळवा. दिवसातून दोनदा दंताळ्याने परता आणि संध्याकाळी ताडपत्री दुमडून झाका, नाहीतर रात्रीचं दव दिवसभराची मेहनत फुकट घालवतं. मग दोन्ही चाळा. चाळताना नाकातोंडाला ओला रुमाल बांधा, बारीक धूळ माणसालाही बाधते.

वाळली की नाही ते मुठीवर ठरतं. मूठभर मिश्रण घट्ट दाबा आणि हात उघडा. लगेच फुटून बोटांतून ओघळलं तर भरा. गोळा राहिला, अगदी भेगाळलेला का असेना, तर आणखी एक दिवस ऊन द्या. ही परीक्षा लक्षात ठेवा, पावसाळाभर तीच उपयोगी पडते.

माल उन्हातून काढल्याबरोबर भरू नका. सावलीत गार होऊ द्या आणि त्याच दुपारी पिंपात भरा. गरम माल बंद केला की झाकणाला आतून घाम धरतो. पिंप नसेल तर प्लास्टिकचं अस्तर असलेल्या गोण्या घ्या आणि अर्ध्याच भरा, कारण अर्धी गोणीही पंचवीस किलोच्या आसपास जाते. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत चिकटलेलं सिमेंट आणि युरियाच्या गोण्यांतला युरिया, दोन्ही धुऊन काढल्याशिवाय त्या वापरू नयेत. गोण्या जमिनीवर किंवा चिऱ्याच्या भिंतीला टेकवून न ठेवता फळ्यांवर, भिंतीपासून हातभर सोडून ठेवा. राख वेगळ्या डब्यात ठेवा आणि न्हाणी भरताना मिसळा.

इथे सावधगिरीची एक गोष्ट. सुकी भुसभुशीत माती, चिऱ्यांची रास, गोण्यांचा ढीग या फुरशाच्या, म्हणजे एका विषारी सापाच्या, आवडत्या जागा आहेत, आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गात फुरसं दुर्मिळ नाही. ढिगात किंवा न्हाणीत थेट हात घालू नका. आधी काठीने किंवा दंताळ्याने मिश्रण हलवा, मगच मूठ घ्या. संध्याकाळनंतर तर बॅटरीशिवाय तिकडे जाऊच नका.

कोंबड्यांना लावून देणं

गावठी कोंबड्यांना काही करावं लागत नाही. मिश्रण भरून मध्ये बशीएवढा खळगा करून ठेवला की त्याच दिवशी एखादी उतरते, आणि एक उतरली की बाकीच्या येतात. हे काम त्यांना जोडीने करायला आवडतं. पिंजऱ्यात वाढलेल्या किंवा संस्थेकडून आणलेल्या गिरिराज, वनराजसारख्या सुधारित जातीच्या कोंबड्या आठवडाभर नुसत्या कडेला उभ्या राहतात. त्यांच्यासाठी पहिले दोन-तीन दिवस वर थोडी कणी भुरभुरा. दाणे टिपताना पाय उकरतात आणि पुढचं आपोआप सुचतं. धरून आत बसवू नका, त्या जागेचीच भीती बसते. सवय लागली की दाणे टाकणं बंद करा. न्हाणीत खाणं चालू राहिलं तर तिथेच शिटतात आणि ओल्या घाणीतून रक्ती हगवण पसरते.

पिल्लांना आठवड्याच्या वयापासून पसरट ताट द्या: फक्त चाळलेली माती आणि वाळू, दोन इंच, राख अजिबात नाही. आईबरोबर फिरणाऱ्या पिल्लांना वेगळं काही लागत नाही.

अंड्यांवर बसलेल्या खुडूक कोंबडीकडे मात्र लक्ष हवं. ती दिवसातून एकदाच, पंधरा-वीस मिनिटं उठते. तेवढ्यात खाणं, पाणी, शिटणं आणि लोळणं सगळं उरकायचं असतं. न्हाणी लांब असेल तर लोळणं राहून जातं. तीन आठवडे अंघोळ नाही म्हटल्यावर उवा वाढतात आणि अंड्यातून बाहेर आलेल्या पिल्लांच्या डोक्यावर चढतात. तिच्या टोपलीपासून चार-पाच पावलांवर एक घमेलंभर कोरडं मिश्रण ठेवा, काम होतं.

रोजचं आणि आठवड्याचं

सकाळी खुरप्याने वरची शीट उचलायची, दंताळ्याने एकदा परतायचं, उडालेली माती लोटून आत टाकायची. पाच मिनिटांचं काम आहे. संध्याकाळी कोंबड्या खुराड्यात गेल्या की न्हाणीवर झाकण ठेवा, कारण मांजराला सुकी भुसभुशीत माती म्हणजे आयतं शौचालय. बहुतेकांना हा त्रास पहिल्या महिन्यातच कळतो. झाकणाला जुना पत्रा चालतो, मात्र तो दोन बाजूंनी बोटभर उचललेला असू द्या म्हणजे आत दमट हवा कोंडत नाही.

आठवड्यातून एकदा मुठीची परीक्षा घ्या. पावसाळ्यात दर तीन दिवसांनी. गोळा राहायला लागला तर भर घालून भागत नाही, कोरडी माती ओल्यात मिसळली की दोन्ही ओली होतात. सगळं काढा, भांडं पुसा, नवीन भरा. काढलेल्या मिश्रणाला बुरशीचा वास किंवा पांढरे तंतू नसतील तर श्रावणातल्या पहिल्या उघडिपीला ताडपत्रीवर पसरा, वाळलं की पुन्हा चालेल. वास आला असेल तर माडाच्या आळ्यात टाका. राख आणि कोंबडखत दोन्ही माडाला मानवतं.

धो धो पावसाच्या आठवड्यात राख घालणंच बंद करा.

बिघडतं कुठे

कोंबड्या न्हाणी सोडून बाहेरच लोळतात. बहुधा उजेड कमी आहे, थर उथळ आहे किंवा मिश्रण घट्ट झालंय. चार इंचांपेक्षा कमी थरात पंख झटकल्यावर माती अंगावर चढत नाही. कधीकधी कारण साधं असतं, बाहेर ऊन पडलेलं असतं. लोळू द्या. फक्त नवीन लावलेल्या माडा-पोफळीच्या आळ्यांवर करवंदीच्या काट्या किंवा मोठे दगड पसरून ठेवा, नाहीतर रोपांची मुळं उघडी पडतात.

एखादीच कोंबडी लोळत नाही. ती दबलेली असेल किंवा आजारी. दुसरी जागा देऊनही दोन-चार दिवसांत उतरली नाही, पिसं फुगवून एका जागी बसली, तर तिला बाजूला घ्या आणि तपासा.

न्हाणीत अंडी सापडतात. म्हणजे अंडी घालायच्या टोपल्या कमी आहेत किंवा उघड्यावर आहेत. पेंढा घातलेल्या टोपल्या अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवा. चार कोंबड्यांमागे एक पुरते.

शिंका, पाणावलेले डोळे. राख जास्त झाली किंवा न्हाणी कोंदट खुराड्याच्या आत ठेवली. बाहेर काढा आणि राखेशिवाय नवीन मिश्रण भरा. तरीही दोन दिवसांत उतार नसेल तर तो आजार समजून डॉक्टरला दाखवा.

आणि सर्वांत महत्त्वाचं: न्हाणी असूनही किडे. दर पंधरा दिवसांनी रात्री बॅटरी घेऊन दोन-तीन कोंबड्या तपासा. शेपटी वर करून गुदद्वाराखालची आणि पंखांखालची पिसं बोटांनी फाकवा. पेंढ्याच्या रंगाच्या, दोन-तीन मिलिमीटरच्या, उजेड पडताच पळणाऱ्या त्या उवा. पिसाच्या बुडाशी चुन्याचा गोळा चिकटल्यासारखं दिसलं तर त्या लिखा. पिसं तिथे काळपट, मळकट झाली असतील तर रक्त पिणारा बारीक किडा अंगावरच राहतोय. तांबडा किडा मात्र दिवसा अंगावर सापडत नाही. तो बसायच्या दांडीच्या फटीत लपतो आणि रात्री रक्त प्यायला येतो. रात्री दांडीच्या खालच्या बाजूने पांढरा कागद घासा, लालसर डाग उमटले तर तो आहे. त्याच्यावर न्हाणीचा उपाय चालत नाही. दांड्या काढून उकळतं पाणी ओता, उन्हात टाका, खुराड्याच्या फटी भरा, चुन्याने भिंती रंगवा आणि पूर्ण सुकल्यावरच कोंबड्या आत घ्या.

अंगावरच उवा-लिखा खूप झाल्या असतील तर न्हाणी पुरणार नाही. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून औषध घ्या, आणि ते दिल्यावर किती दिवस अंडी खायची नाहीत हे तिथेच विचारा. बहुतेक औषधं लिखा मारत नाहीत. त्या फुटून नवीन उवा होतात, म्हणून आठ-दहा दिवसांनी दुसरा हात द्यावाच लागतो. ज्या दिवशी औषध, त्याच दिवशी न्हाणीतलं सगळं मिश्रणही बदला. पायांवरची खवलं उचलली जाऊन खरखरीत झाली असतील तर तो वेगळा किडा आहे आणि धुळीने बरा होत नाही. पाय कोमट साबणपाण्यात भिजवून पुसा आणि खवल्यांवर व्हॅसलिन किंवा खोबरेल चोळा, नवीन खवलं येईपर्यंत दोन-तीन दिवसांआड.

आठवडे बाजारातून नवीन कोंबडी आणलीत तर तिला थेट कळपात सोडू नका. दोन-तीन आठवडे वेगळी ठेवा आणि तिला घमेल्यातली स्वतंत्र न्हाणी द्या. मानमोडीसारखे आजार न्हाणीने थांबत नाहीत, पण ते तिच्यात असतील तर या दिवसांत बहुधा उघड होतात, आणि बाजारातल्या उवा तुमच्या न्हाणीत उतरत नाहीत. मुदत संपल्यावर त्या घमेल्यातलं मिश्रण मोठ्या न्हाणीत ओतू नका. लांबच्या एखाद्या आळ्यात पुरा आणि घमेलं धुऊन उन्हात पालथं घाला.